पितळी पुंगळ्या धुवायच्या कशा आणि वाळवायच्या कशा

रीलोडिंगला, म्हणजे उडालेल्या काडतुसाच्या पितळी पुंगळीत पुन्हा दारू आणि गोळी भरण्याला, नव्याने सुरुवात करणाऱ्यांचा सगळा जीव पुंगळीच्या चकाकीत अडकलेला असतो. झळझळीत पुंगळ्या निघाल्या की काम फत्ते, असं वाटतं. बंदुकीला मात्र चकाकीशी काही देणंघेणं नाही. डायमध्ये (पुंगळीवर काम करणारा साचा) आणि चेंबरमध्ये (बंदुकीत काडतूस बसतं ती पोकळी) जाणारी पुंगळी माती, वाळू आणि काजळीपासून मोकळी हवी आणि आतून-बाहेरून ठणठणीत कोरडी हवी, एवढंच. थोडी काळपट राहिली तरी चालण्यात तसूभर फरक पडत नाही. म्हणून या लेखात घासण्यापेक्षा वाळवण्यावर आणि तपासण्यावर जास्त जागा खर्च केली आहे.

सुरुवातीलाच एक सांगून टाकतो. काडतुसं घरी भरायला परवानगी आहे का, कोणत्या परवान्यावर आहे आणि साहित्य किती ठेवता येतं, याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. ते आधी पाहा, मग पुढचं वाचा.

आधी शिशाचं बघा

उडालेल्या पुंगळीत जी काजळी दिसते तिच्यात प्रायमरची, म्हणजे बुडात बसवलेल्या आणि दारू पेटवणाऱ्या छोट्या टोपीची, राखही असते. नेहमीच्या प्रायमरमध्ये लेड स्टिफनेट हे शिशाचं संयुग असतं. बार उडाला की शिसं नाहीसं होत नाही, बारीक धुळीच्या रूपात पुंगळीच्या आत आणि प्रायमर पॉकेटमध्ये (प्रायमर बसतो ती बुडातली खाच) बसून राहतं. शिसं शरीरात साठतं आणि लहान मुलांना त्याचा धोका सर्वांत जास्त. त्यामुळे हे काम स्वयंपाकघरात, जेवणाच्या टेबलावर किंवा मुलं खेळतात त्या खोलीत करायचं नाही. हातात नायट्राइलचे हातमोजे घाला. धूळ उडणार असेल तर तोंडावर चांगला मास्क लावा. काम चालू असताना चहा, सिगरेट, खाणं काही नाही. सांडलेली धूळ झाडूने झाडू नका, ओल्या कापडाने पुसा. झाडल्याने ती हवेत उडते आणि नाकातोंडात जाते. काम संपलं की हात साबणाने आणि गार पाण्याने धुवा.

या कामाची भांडी, चाळण्या, टॉवेल कायमचे वेगळे ठेवा. एकदा यासाठी वापरलेली चाळणी परत पिठाला लावायची नाही, कितीही घासली तरी.

पायरी १: निवड

रेंजवरून (नेमबाजीच्या मैदानावरून) आणलेला ढीग तसाच टंबलरमध्ये, म्हणजे पुंगळ्या घोळवून धुणाऱ्या यंत्रात, ओतण्याचा मोह होतो. ओतू नका. आधी त्यात जिवंत काडतूस चुकून आलं नाही ना, ते बघा. न उडालेली गोळी ढिगात सापडणं ही फार दुर्मीळ गोष्ट नाही, आणि ती धुण्याच्या यंत्रात जाता कामा नये.

मग ढिगावरून लोहचुंबक फिरवा. पितळ चिकटत नाही, पोलादी पुंगळ्या चिकटून वर येतात. त्यांतल्या काहींवर पितळेचा किंवा तांब्याचा मुलामा असल्याने नुसत्या डोळ्यांना फसवतात. अॅल्युमिनियमच्या पुंगळ्या चुंबकाला दाद देत नाहीत, पण रंगाने करड्या आणि वजनाला हलक्या असल्याने हाताला लगेच कळतात. दोन्ही बाजूला काढा.

पुढे कॅलिबरप्रमाणे (नळीच्या व्यासाच्या मापाप्रमाणे) वेगळं करा. ९ मिमीची पुंगळी .४० च्या पोटात आणि .४० ची .४५ च्या पोटात इतकी बेमालूम बसते की टंबलरमधून दोन्ही एकमेकींत घट्ट अडकून बाहेर येतात. आतली बाजू धुतली जात नाही आणि सुटी करायला पक्कड लागते. तास वाया जातो तो असा.

आता बुडाच्या आत डोकावा. मधोमध एकच भोक दिसलं तर तो बॉक्सर पद्धतीचा प्रायमर. साध्या डीकॅपिंग पिनने (जुना प्रायमर ढकलून काढणारी पिन) तो निघतो. दोन बारीक भोकं दिसली तर बर्डन, आणि तिथे ती पिन मोडते. गंमत अशी की बॉक्सर हा इंग्रज अधिकारी आणि बर्डन हा अमेरिकी, दोघांची पेटंटं १८६६ चीच, पण अमेरिकेने इंग्रजाची पद्धत उचलली आणि युरोपात अमेरिकी माणसाची रुजली. नवख्याने बर्डनच्या वाट्याला जाऊ नये.

शेवटी टाकाऊ माल काढा. तोंडाशी किंवा मानेवर चीर, अंगावर उभी भेग, चेमटून आत गेलेला खांदा, सैल पडलेलं प्रायमर पॉकेट: सरळ भंगारात. तोंडाला जरासा पोचा असेल तर साइझिंगमध्ये (पुंगळी दाबून पुन्हा मापात आणताना) तो निघतो, त्याची चिंता नको.

पायरी २: जुना प्रायमर काढणे

ओल्या पद्धतीने धुणार असाल तर ही पायरी चुकवू नका. जुना प्रायमर जागेवर ठेवून पुंगळी धुतली तर प्रायमर आणि पॉकेट यांच्या फटीत पाणी शिरतं आणि ते दिवसेंदिवस तिथेच राहतं. वरून पुंगळी कोरडी खडखडीत दिसते, आत ओल तशीच.

यासाठी युनिव्हर्सल डीकॅपिंग डाय वापरा. ही डाय पुंगळीच्या अंगाला लागत नाही, फक्त पिन आत जाऊन प्रायमर बाहेर ढकलते. साइझिंग डायने हेच काम करता येतं, पण मग वाळूचे कण लागलेली मळकी पुंगळी त्या गुळगुळीत डायमध्ये शिरते आणि डायला ओरखडा पडतो. तो ओरखडा पुढच्या प्रत्येक पुंगळीवर उमटतो. लष्करी पुंगळ्यांमध्ये प्रायमरभोवती पितळ दाबून क्रिंप केलेलं असतं, तिथे थोडा जास्त जोर लागेल. न उडालेला प्रायमर दिसला तर ती पुंगळी बाजूला ठेवा. नवख्या हाताने जिवंत प्रायमर ढकलून काढायला जाऊ नये.

कोरड्या पद्धतीने धुणार असाल तर उलट. प्रायमर तसाच राहू द्या, म्हणजे मीडियाचे (पुंगळ्या घासणाऱ्या चुऱ्याचे) दाणे फ्लॅश होलमध्ये (प्रायमरची ठिणगी आत नेणारं बुडातलं भोक) अडकणार नाहीत.

पायरी ३: धुणे

तीन रस्ते आहेत.

*कोरडी पद्धत.* व्हायब्रेटरी टंबलरमध्ये मक्याच्या कणसाचा भुसा किंवा अक्रोडाच्या कवचाचा चुरा घालायचा, त्यात पुंगळ्या टाकायच्या आणि यंत्र दोन ते चार तास थरथरू द्यायचं. अक्रोड जास्त खरखरीत, मळ पटकन काढतो. मका मऊ, चमक आणतो. पाणी नाही, म्हणून वाळवणंही नाही, आणि सुरुवातीला हीच मोठी सोय. तोटा धुळीचा. झाकण बंद ठेवा, यंत्र उघड्यावर किंवा हवेशीर जागी लावा, चाळताना मास्क विसरू नका. मीडियात पेपर टॉवेलचे दोन-चार तुकडे टाकले तर बरीच धूळ ते ओढून घेतात. काळे झाले की फेकायचे. मीडिया काळपट पडला की तोही बदला. त्याला शिव्या देत चालवत राहण्यात अर्थ नाही, त्यात शिसं साठलेलं असतं.

*ओली पद्धत.* फिरत्या पिंपात पाणी, साबण, थोडं सायट्रिक अॅसिड आणि बारीक स्टेनलेस स्टीलच्या पिना. पिना साधारण १.२ मिमी जाडीच्या आणि ६.५ मिमी लांबीच्या असतात, त्यामुळे त्या पुंगळीच्या आत आणि प्रायमर पॉकेटच्या कोपऱ्यापर्यंत जातात. पिना, पुंगळ्या, पाणी सगळं मिळून पिंप दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भरावं, काठोकाठ नको. आत गडबडा लोळायला जागा हवी. भांड्यांचा साधा द्रवसाबण चमचाभर पुरे. सायट्रिक अॅसिड चिमूटभर ते पाव चमचा. इथे नवखा माणूस हमखास हात सैल सोडतो. अॅसिड जास्त झालं की ते पितळातलं जस्त खातं, पृष्ठभागावर तांबं उरतं आणि पुंगळी गुलाबी दिसू लागते. काडतुसाचं पितळ म्हणजे सुमारे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. ते जस्त घालवून कसं चालेल? वरवरचा हलका गुलाबीपणा सहसा नुकसान करत नाही, पण तो दिसला की पुढच्या खेपेला प्रमाण कमी करा.

वेळ एक ते तीन तास. रात्रभर लावून झोपायचं नाही. तास वाढले की तोंडं एकमेकांवर आपटून त्यांच्या कडा चेपतात आणि वाकून आत वळतात. पाणी काळंकुट्ट निघेल. ते बागेत, विहिरीजवळ किंवा भाजीच्या वाफ्यात ओतू नका, त्यात शिसं आहे. धोकादायक कचऱ्याची जी स्थानिक व्यवस्था असेल तिथे द्या.

*अल्ट्रासॉनिक.* ध्वनिलहरींनी पाणी हलवून धुणारं यंत्र. लहान संख्येला आणि प्रायमर पॉकेटला चांगलं. आतून स्वच्छ करतं, पण बाहेरची चमक फारशी आणत नाही. यंत्र नसेल तर लिटरमागे ५ ते १० ग्रॅम सायट्रिक अॅसिडच्या कोमट पाण्यात १० ते १५ मिनिटं बुडवून, हलवून, नीट खंगाळलं तरी काम भागतं. माझ्या मते महिन्याकाठी शे-दोनशे पुंगळ्या वापरणाऱ्याला एवढं पुरतं. यंत्रांच्या जाहिराती बघून आधी पैसे घालवण्याची गरज नाही.

जुन्या लष्करी मालातल्या पुंगळ्या असतील तर एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवा. त्यांतल्या काहींचा प्रायमर उडताना पोटॅशियम क्लोराइडचं मीठ मागे सोडतो. हे मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि धातू गंजवतं. ते तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. त्यामुळे अशा पुंगळ्या जितक्या लवकर गरम पाण्याने खंगाळाल तितकं चांगलं.

अमोनिया: याच्या वाटेला जाऊ नका

पितळ चमकवायच्या बाजारी पॉलिशमध्ये बऱ्याचदा अमोनिया असतो. भांड्याला ते चालतं, पुंगळीला नाही. एकोणिसाव्या शतकात भारतातल्या ब्रिटिश फौजेत पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली काडतुसं आपोआप तडकत असत. ऋतूशी जोडून लोक त्याला ‘सीझन क्रॅकिंग’ म्हणू लागले. कारण नीट उलगडलं ते १९२१ साली: घोड्यांच्या मुतातून हवेत येणारा अमोनिया, दमट हवा आणि पुंगळी ओढून घडवताना पितळात राहून गेलेला ताण, या तिघांची युती. पुंगळीच्या भिंतीत ताण आजही असतोच, विशेषतः मानेत. म्हणून पॉलिशच्या बाटलीवरचं लेबल वाचा, अमोनियाचं नाव दिसलं तर बाटली परत ठेवा. कोरड्या मीडियात चमकेसाठी काही घालायचंच असेल तर अमोनिया नसलेलं, खास पुंगळ्यांसाठीचं पॉलिश घ्या, आणि ते घातल्यावर पुंगळ्या टाकण्याआधी यंत्र दहा मिनिटं रिकामं फिरू द्या. नाहीतर पॉलिशचे ओले गोळे पुंगळीत जाऊन बसतात.

पायरी ४: खंगाळणे आणि पिना काढणे

साबण पूर्ण निघेपर्यंत खंगाळा. पाण्यात हात घातला तर बुळबुळीत लागता कामा नये आणि फेस उरता कामा नये. पाणी जड असेल तर वाळल्यावर पुंगळीवर पांढरे डाग पडतात. दिसायला वाईट, बाकी निरुपद्रवी. शेवटची खंगाळणी डिस्टिल्ड पाण्याने केली की डाग पडत नाहीत आणि सायट्रिक अॅसिडचा अंशही जातो.

पिना काढायला फिरती जाळी असते. ती पाण्यातच बुडवून फिरवली तर पिना चटकन सुटतात. कोरड्या हवेत त्या पाण्याच्या थेंबाने पुंगळीला चिकटून बसतात. तरीही काही राहतातच. १.२ मिमीची एक पिन २ मिमीच्या फ्लॅश होलमधून सहज जाते. दोन एकदम घुसल्या की घट्ट अडकतात. अरुंद मानेच्या रायफल पुंगळ्यांत तर त्या आत आडव्या होतात आणि मानेतून परत येत नाहीत. प्रत्येक पुंगळी हातात घेऊन टकटक करा, आत टॉर्च मारा. आत राहिलेली पिन दारूबरोबर नळीतून बाहेर फेकली जाते आणि पोलादाला ओरखडे पाडते. एवढी कटकट नको असेल तर पिना न घालताच नुसतं साबणपाण्यात फिरवा. आतली काजळी थोडी राहते, पण काडतुसाला त्याचं काही वाटत नाही.

पायरी ५: वाळवणे

लोक इथेच घाई करतात. बाहेरून पुंगळी अर्ध्या तासात कोरडी दिसते, आणि तो फसवा देखावा आहे. पाणी अरुंद जागेला धरून राहतं. प्रायमर पॉकेटचा कोपरा आणि फ्लॅश होल या दोन जागा शेवटी वाळतात, आणि नेमक्या त्याच जागी प्रायमर बसणार असतो. ओल राहिली तर प्रायमर किंवा बंदुकीची दारू दमट होते. बार फुसका निघाला तर गोळी नळीत अडकून राहू शकते, आणि ते लक्षात न येता पुढचा बार उडवला तर नळी फुटते. म्हणून वाळवण्याला वेळ द्यायचा.

आधी पाणी झटकून काढा. पुंगळ्या एका जुन्या टॉवेलवर ओता, दोन्ही टोकं धरून टॉवेलची झोळी करा आणि इकडून तिकडे डोलवा. जितकं पाणी झटकून जाईल तितकं कमी वाळवावं लागेल.

मग पुढचं असं. हवेत वाळवणार असाल तर तोंडं खाली करून जाळीवर पसरा, एकावर एक ढीग नको. लाकडी ठोकळ्यात उभ्या ठेवल्या तर तळाशी पाणी साठतं. कोरड्या उन्हाळी हवेत एक दिवस पुरतो; पावसाळी दमट दिवसांत दोन-तीन दिवसही कमी पडतात. पंखा लावला की काम निम्म्यावर येतं.

घाई असेल तर डिहायड्रेटर. ६० ते ७० अंश सेल्सियस, एक ते दोन तास, मधे एकदा पुंगळ्या हलवायच्या. हे यंत्र मग फळं सुकवायला परत न्यायचं नाही. ओव्हन वापरायचाच असेल तर तोही वेगळा हवा, आणि तापमान १०० अंशाच्या आत. यामागे कारण आहे. पुंगळीचं बूड मुद्दाम कडक ठेवलेलं असतं, कारण प्रचंड दाब तिथेच झेलायचा असतो. सुमारे २५० अंशांपुढे पितळ मऊ पडू लागतं. ओव्हनच्या थर्मोस्टॅटचा भरवसा नसतो, आकडा एक दाखवतो आणि आतली हवा वेगळीच असते. मऊ पडलेलं बूड डोळ्यांना कळत नाही, उडवल्यावर कळतं. त्यापेक्षा कमी तापमान आणि जास्त वेळ, हाच सौदा बरा. गॅसच्या ज्योतीवर, तव्यावर किंवा मायक्रोवेव्हमध्ये वाळवायचा विचारही मनात आणू नका.

आयसोप्रोपिल अल्कोहोलने शेवटची खंगाळणी केली तर पाणी अल्कोहोलबरोबर निघून जातं आणि पुंगळी पटकन सुकते. पण हे द्रव पेट घेतं. उघड्यावर, ज्योतीपासून आणि ठिणगीपासून दूर, आणि अशा ओल्या पुंगळ्या ओव्हनमध्ये कधीही नाही.

आता कोरडी झाली हे ओळखायचं कसं? बोट लावून कळत नाही. दोन उपाय आहेत. टिश्यूचं एक टोक पीळ देऊन टोकदार करा, प्रायमर पॉकेटमध्ये खुपसा, फिरवा, बाहेर काढा. टोकाला गडद डाग दिसला तर ओल आहे. दुसरा जास्त खात्रीचा, वजनाचा. ढिगातल्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून दहा पुंगळ्या उचला, दारू तोलायच्या तराजूवर एकत्र ठेवा आणि वजन लिहा. परत तासभर वाळवा, थंड करा, पुन्हा तोला. पाण्याचा एक थेंब साधारण ५० मिलिग्रॅमचा, आणि रीलोडिंगचा तराजू ०.१ ग्रेनपर्यंत म्हणजे सुमारे ६.५ मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो. दहांत मिळून एक थेंब जरी उरला असेल तरी आकडा हलतो. आकडा दोनदा तोच आला की मगच पुढे जा.

पायरी ६: पुन्हा तपासणी आणि साठवण

मळ गेल्यावर दोष उघडे पडतात, त्यामुळे आता परत एकदा प्रत्येक पुंगळी बघायची. रायफलच्या पुंगळ्यांत बुडाच्या वर सुमारे एक सेंटीमीटरच्या आसपास चकचकीत कडं दिसलं तर सावध व्हा. तिथे भिंत आतून पातळ होत चाललेली असू शकते आणि पुढच्या बाराला बूड अंगापासून तुटून वेगळं होतं. कागदाची पिन सरळ करून टोक किंचित वाकवा आणि आतल्या भिंतीवरून वर-खाली फिरवा. त्या जागी टोक खड्ड्यात अडकल्यासारखं लागलं तर पुंगळी भंगारात टाका आणि पक्कडीने तोंड चेपून टाका, म्हणजे चुकून परत ढिगात येणार नाही.

ओल्या पद्धतीने धुतलेल्या पुंगळ्यांची मान आतून इतकी स्वच्छ होते की गोळी बसवताना जास्त घर्षण लागतं आणि कधी कधी जोरही जास्त लागतो. हे नेहमीचंच आहे. काहीजण मानेत किंचित ग्रॅफाइट लावतात, नाही लावलं तरी चालतं.

साइझिंगसाठी लावलेलं वंगण पुंगळीवर राहू देऊ नका. अर्धा तास कोरड्या मक्याच्या मीडियात फिरवलं की ते निघतं. मात्र त्यानंतर फ्लॅश होल पुन्हा तपासा, कारण मीडियाचा दाणा तिथेच अडकतो, आणि ही तपासणी प्रायमर बसवण्याच्या आधीच करायची.

लगेच भरणार नसाल तर पूर्ण थंड झालेल्या पुंगळ्या हवाबंद डब्यात ठेवा. गरम असताना झाकण लावलं तर आत बाष्प साचतं. रबरबँडने जुडी बांधू नका, रबरातलं गंधक पितळ काळवंडतं. चामड्याच्या पट्ट्यात अडकवून ठेवलेल्या पुंगळ्यांवर काही आठवड्यांत हिरवा थर धरतो, चामडं कमावताना वापरलेली रसायनं त्याला कारणीभूत असतात. डब्यावर चिठ्ठी लावा: कॅलिबर, पुंगळीवरचा शिक्का, आतापर्यंत किती वेळा उडवली आणि कोणत्या तारखेला धुतली.